अर्थ लागत नाही

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपारी साडेबाराला मारुती मंदिरच्या चौकात आमच्या गाडीचा हॉर्न वाजायला लागला आणि थांबेचना. बटण सोडलं तरी वाजतोय! पुढचा रिक्षावाला वळून बघतोय, मागचा एसटीचा ड्रायव्हर हसतोय, बाबा शेजारी बसून "अरे बंद कर, बंद कर" म्हणतायत. शेवटी डॅशबोर्डखाली हात घालून एक वायर उपटली, तेव्हा कुठे शांतता झाली.

घरच्या मंडळींना ही गाडी सांगायला नको, त्यांच्यातले निम्मे तिच्या मागच्या सीटवर ओकलेले आहेत. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे १९६४ सालची स्टँडर्ड हेराल्ड आहे. बाबांनी ती १९७८ साली कोल्हापुरात जुनी घेतली आणि आंबा घाट उतरून, साखरपा, पाली, हातखंबा करत स्वतः चालवत रत्नागिरीला आणली. घाटात प्रत्येक वळणाला हॉर्न वाजवला असं ते अजून सांगतात. पुढे कॉलेजातून घरी येताना गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न वाजला की आई चहाचं आधण ठेवायची. तो हॉर्न म्हणजे आमच्या घरचं घड्याळ होतं.

आता ती उपटलेली वायर. तिच्या दुसऱ्या टोकाला होतं एक दाराच्या बेलचं पांढरं बटण. स्टीअरिंगवरचा मूळ हॉर्न २००६ सालच्या जुलैत बंद पडला, तेव्हा ते बटण मीच बसवलं होतं. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं आमच्या हेराल्डचा हॉर्न दाराच्या बेलवर चालला! बेलच्या बटणाला इतक्या करंटची सवय नसते. हॉर्न काही अँपिअर ओढतो, दर वेळी आत बारीक ठिणगी पडते, आणि एक दिवस पत्र्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून बसतात. चौकात झालं ते हेच.

म्हटलं, आता मूळ हॉर्न दुरुस्त करायचाच. आणि करता करता इतकं जुनं काही वर आलं, की ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

हॉर्नचा प्रश्न होता अर्थचा. वायरमनच्या तोंडचा अर्थ, म्हणजे अर्थिंग. तो समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. किती मागे? चांगलं पावणेदोनशे वर्षांच्याही वर!

वीज जाते तशी परत यावी लागते. बॅटरीच्या एका टोकातून निघालेला करंट काम करून दुसऱ्या टोकाला पोचला तरच काम होतं. म्हणून तारायंत्राच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत एक तार जायला आणि एक यायला लागायची. १८३८ साली म्युनिकच्या कार्ल श्टाइनहाइलनं रेल्वेचे रूळच तारेसारखे वापरून पाहिले. ते नीट जमेना, कारण वीज रुळांतून जमिनीत झिरपत होती. पण त्यातूनच त्याच्या लक्षात आलं की जमीनच जर वीज वाहून नेत असेल, तर परतीची तार हवी कशाला? दोन्ही टोकांना धातूचे पत्रे पुरले आणि अर्धी तार वाचली. पुढच्याच वर्षी, १८३९ साली, कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यानं तिथल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये सुमारे २१ मैल तार टांगून तारायंत्राचे प्रयोग केले, आणि त्यात हुगळी नदीच्या पाण्यालाही तारेचं काम करायला लावलं. १८५० च्या दशकात देशभर तारांचं जाळं विणलं गेलं ते याच ओशॉनेसीच्या हाताखाली. २०१३ साली आपल्याकडची तारसेवा बंद झाली, पण ही परतीची युक्ती मात्र घराघरांत आणि गाड्यांत मागे राहिली.

मोटारगाडीनं तीच युक्ती उचलली. लोखंडी चासी आहेच, मग प्रत्येक दिव्याला दोन तारा कशाला? एक तार जायला, परतीला चासी. बॅटरीचं एक टोक चासीला बांधून टाकायचं. गंमत अशी, की गाडी उभी असते रबराच्या टायरांवर. तिच्या या 'अर्थ'चा जमिनीशी काडीचा संबंध नाही, तरी शब्द तोच चिकटला.

हॉर्नकडे येऊ. बाबांच्या लहानपणी घाटातल्या एसटीला ड्रायव्हरच्या हाताशी रबरी फुग्याचा भोंगा असायचा. दाबला की भों! त्याला वीज नको, अर्थ नको, फक्त हातात जोर हवा. विजेचे हॉर्न तोवर जगात रुळलेले होते, जर्मनीच्या बॉश कंपनीनं तर आपला हॉर्न १९२१ सालीच बाजारात आणला होता. आतली रचना साधीच. लोहचुंबक पत्र्याच्या पडद्याला ओढतो, ओढताना स्वतःचाच करंट तोडतो, पडदा सुटतो, करंट परत जुळतो. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

आता बारकाई बघा. दिव्याचं बटण सहसा जाणाऱ्या तारेवर असतं. त्या काळच्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांत हॉर्नचं बटण मात्र परतीच्या वाटेवर. हॉर्नच्या एका टोकाला कायम करंट उभा. दुसऱ्या टोकाची तार स्टीअरिंगपर्यंत येते. आपण बटण दाबतो म्हणजे काय करतो, तर त्या तारेला स्टीअरिंगच्या दांड्यामार्फत अर्थ देतो. गोल फिरणाऱ्या स्टीअरिंगमध्ये दोन तारा नेण्यापेक्षा एक नेणं सोपं, दुसरीचं काम खुद्द दांडा करतो. हुशारी आहे, पण या हुशारीत एक अट आहे: दांड्यापासून चासीपर्यंतचा प्रत्येक जोड धातूला धातू भिडलेला हवा.

आणि हेराल्डमध्ये जोडांना तोटा नाही! त्यालाही इतिहास आहे. इंग्लंडच्या स्टँडर्ड-ट्रायम्फला गाड्यांच्या बॉड्या फिशर अँड लडलो ही कंपनी करून द्यायची. १९५३ साली ती कंपनी प्रतिस्पर्धी बीएमसीनं विकत घेतली. आता नव्या गाडीची एकसंध बॉडी करून देणार कोण? मग हेराल्डला वेगळी चासी दिली आणि वेगवेगळ्या ठिकाणी केलेले बॉडीचे तुकडे नटबोल्टनं तिच्यावर जोडले. रूप दिलं तुरीनच्या जोव्हानी मिकेलॉत्तीनं. गाडी १९५९ साली आली. २५ फुटांच्या वर्तुळात वळते, आणि बॉनेट चाकांवरच्या पत्र्यासकट पुढे उलटतं, इंजिन सगळं उघडं. हीच चासी आखूड करून १९६२ साली त्यांनी ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे आमची हेराल्ड ही स्पिटफायरची थोरली बहीण. (बाबा पाहुण्यांना हे वाक्य अजून ऐकवतात. फक्त ९४८ सीसीचं इंजिन घाटात धापा टाकतं हे सांगत नाहीत.)

सुटे तुकडे आणून जोडायला सोपी अशी ही गाडी परदेशी कारखान्यांना सोयीची होती. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून ती भारतात काढली. रस्त्यावर अँबेसेडर, फियाट आणि ही, असे तीनच चेहरे दिसायचे तो काळ. पुढे खास आपल्याकडच्या कुटुंबांसाठी चार दारांची हेराल्ड निघाली आणि १९७२ साली तिच्यापासूनच गॅझेल. तर इंग्लंडमध्ये एका कंपनीनं दुसरी विकत घेतली, म्हणून रत्नागिरीत आमच्या गाडीत इतके नटबोल्ट. प्रत्येक नटबोल्ट म्हणजे परतीच्या वाटेवरचा एकेक नाका.

त्यात या गाडीच्या स्टीअरिंगचा दांडा ज्या बुशांत फिरतो ते रबर-प्लास्टिकचे, खालच्या सांध्यात धक्के न जाणवावेत म्हणून रबराची चकती, आणि पुढची रॅक चासीला आवळलेली तीही रबरावर. हाताला छान लागतं, पण रबरातून वीज जात नाही. म्हणून त्या चकतीवरून एक छोटी तार टाकलेली असते आणि रॅकपासून चासीला आणखी एक पट्टी. या दोन वितभर तुकड्यांवर अख्खा हॉर्न अवलंबून!

अजून एक गुंता. आमच्या गाडीत बॅटरीचं धन टोक चासीला आहे, ऋण नव्हे. इंग्लंडच्या लुकास कंपनीनं १९३० च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत घेतली, कारण त्यामुळे तारांची टोकं कमी गंजतात असा विचार होता. तो अगदीच खुळा नव्हता. टेलिफोन एक्स्चेंजमध्येही धन टोक अर्थला असतं, ते तारा गंजून झिजू नयेत म्हणूनच. पुढे १९६० च्या दशकात अल्टरनेटर आणि ट्रान्झिस्टर आले तसं सगळे ऋण अर्थकडे वळले. हॉर्नला यातलं काही कळत नाही, तो दोन्हीकडून सारखाच वाजतो. पण गंज हा प्रश्न कारखान्यातल्या माणसांनाही छळत होता एवढं यातून कळतं.

मग रत्नागिरीत काय होत असेल! जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेले आठ महिने मांडवीवरून खारा वारा. घराच्या अर्थिंगसाठी आम्ही जांभ्यात खड्डा खणतो, त्यात कोळसा आणि मीठ भरतो, उन्हाळ्यात वर पाणी ओततो, कारण कोरडा जांभा वीज घेत नाही. म्हणजे घराचा अर्थ मिठानं टिकतो आणि गाडीचा त्याच मिठानं मरतो.

बाबांचं त्या गंजाशी जुनं वैर. दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याआधी गाडी ओंडक्यांवर चढवून चासीला काळा रंग. मजूर नाही, मेकॅनिक नाही, स्वतः. जुनी लुंगी, डोक्याला रुमाल, आणि पाठीवर झोपून ब्रश. २००६ च्या मे महिन्यात आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी स्टीअरिंगची रबराची चकती बदलायला सांध्याचं काम काढलं होतं. रॅक मोकळी झालेली पाहून बाबांनी ती संधी साधली आणि जिथे एरवी ब्रश पोचत नाही तिथेही दोन हात मारले. मग रॅकची पट्टीही त्यांनी स्वतःच आवळली, मिस्त्रींना फक्त वरचं काम ठेवलं.

तीन-चार आठवडे हॉर्न वाजला. जुलैत बंद!

बाबांचं गणित सरळ होतं. मिस्त्रींनी हात लावला, त्यानंतर हॉर्न गेला, म्हणजे मिस्त्रींनी बिघडवला. मिस्त्री भर पावसात आले, गाडीखाली शिरले, बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "सर, अर्थ लागत नाहीये. खाली रंग आडवा आलाय. पट्टीखालचा तेवढा रंग खरवडू या."

"रंग खरवडायचा? माझा?" बाबा ओरडलेच. "तुमची चूक झाकायला माझी चासी गंजवणार तुम्ही?"

मिस्त्री काही बोलले नाहीत. हत्यारांची पिशवी उचलली आणि गेले. त्या दिवसाचे पैसेही घेतले नाहीत. पुन्हा आमच्याकडे आले नाहीत, बाबाही गेले नाहीत. अठ्ठावीस वर्षांचं येणंजाणं होतं, ईदच्या शीरखुर्म्यापासून गणपतीच्या मोदकांपर्यंत, ते एका वाक्यावर थांबलं.

आणि मी? मी तेव्हा पुण्याहून सुट्टीवर आलो होतो. इंजिनियर! गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. बाजारातून बेलचं बटण आणलं, एक वायर हॉर्नला, एक थेट चासीला, दहा मिनिटांत हॉर्न चालू. वर बाबांना म्हणालो, "बघा, एवढं सोपं होतं, त्यांना करायचंच नव्हतं." हे वाक्य मला आजही आठवतं. त्या बटणानं बाबांचं म्हणणं खरं ठरवून टाकलं.

खरं तर त्या बटणानं उलटंच सिद्ध केलं होतं. हॉर्न वाजला म्हणजे हॉर्न ठीक, फ्यूज ठीक, बॅटरी ठीक, येणारा करंट ठीक. उरलं काय? फक्त परतीची वाट. म्हणजे मिस्त्री जे म्हणत होते तेच. पण वाजला ना, झालं तर मग!

या मे महिन्यात शेवटी गाडीखाली शिरलो. आधी एक जाड वायर घेऊन स्टीअरिंगचा दांडा चासीला जोडला आणि मुलीला मधलं बटण दाबायला सांगितलं. वाजला! म्हणजे बटण आणि त्याच्या आतला जोड चांगला. मग मीटर लावला. रबरी चकतीच्या वर एक टोक, खाली एक टोक. शून्य. चकतीवरून टाकलेली तांब्याच्या तारेची वेणी जशीच्या तशी होती, दोन्ही टोकांना नीट डाग दिलेला. मिस्त्रींचं काम. वीस पावसाळे काढून त्यात बिघाड नाही. मग रॅक ते चासी. मीटरचा आकडा हलेचना. वाट बंद.

पट्टीचा बोल्ट सोडवला. खाली गुळगुळीत, जाड, काळा रंग, बाबांच्या हातचा. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांनी रंग कुठेतरी खरचटून धातूला धातू लागला असणार, तेवढ्यावर ते चार आठवडे निघाले. पावसात तो केसभर जोड गंजला आणि संपला. पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासली, लोखंड चकाकायला लागलं. पट्टी घासली, मध्ये दातेरी वॉशर टाकला, बोल्ट आवळला. मुलीला म्हटलं, दाब.

वीस वर्षांनी तो आवाज स्टीअरिंगमधून आला. बाबा ओटीवर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली ठेवला.

सांगायचं कसं हा खरा प्रश्न होता. बाबा शहाऐंशी वर्षांचे. न सांगून चाललं असतं, हॉर्न वाजत होताच. पण एकदा बेलचं बटण लावून झालंय, दुसऱ्यांदा नको. चहा घेताना सांगितलं. रंग आडवा आला होता, मिस्त्री म्हणाले तसाच, आणि मीही तेव्हा पाहिलं नाही. बाबा काहीच बोलले नाहीत. कप तसाच ठेवून आत गेले.

दोन दिवसांनी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. "गाडी काढ."

मिस्त्रींचं गॅरेज केव्हाच बंद झालंय, ते आता घरीच असतात. गल्लीच्या तोंडाशी बाबांनी शेजारच्या सीटवरून हात लांबवून दोनदा हॉर्न वाजवला. मिस्त्री बाहेर आले नाहीत. आत गेलो तेव्हा कळलं, त्यांना आता फारसं ऐकू येत नाही. बाबांना पाहून ते उठायला लागले, बाबांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं. मग बरंच मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मिस्त्री, रंग माझाच होता!"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते काठी घेऊन बाहेर आले, हेराल्डचं बॉनेट उलटवायला सांगितलं आणि कमरेत वाकून टॉर्चनं कितीतरी वेळ आत बघत राहिले. मला वाटलं जोड बघतायत. पण ते चासी बघत होते, इकडून तिकडे.

"सर," ते म्हणाले, "रंग चांगलाच होता. साठ वर्षांची गाडी, समुद्राकाठची. चासीला कुठे भोक नाही बघा."

मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही, धाकटे सर. घासलेल्या जागेवर काय लावलंत?"

काही लावलं नव्हतं.

"मग या पावसात परत जाईल. आधी जोड आवळायचा, मग वरून व्हॅसलीन, आणि मग बाजूनं रंग. आधी रंग नाही."

घरी येताना दुकानातून व्हॅसलीनची डबी घेतली. हे लिहितोय तेव्हा बाहेर पाऊस कोसळतोय, आणि हॉर्न वाजतोय. बाबा रोज संध्याकाळी ओटीसमोर उभ्या गाडीत जाऊन एकदा वाजवून बघतात. परवा मिस्त्रींचा मुलगा येऊन वाफोळ्या देऊन गेला.

ते बेलचं बटण मी फेकलेलं नाही. टेबलाच्या खणात ठेवलंय.